डी सिकाच्या सिनेमातला हिशोब

श्रोतेहो, नमस्कार.

रोममधलं एक गहाणखातं. खिडकीच्या अलीकडे मारिया उभी आहे, हातात चादरींचं गाठोडं. लग्नात आलेल्या चादरी, त्यातल्या काही अजून अंगाखाली न घेतलेल्या. पलीकडचा कारकून बघतो, चाचपतो आणि रक्कम सांगतो. मारिया अजिजीनं थोडं वाढवून मागते. तो सात हजार पाचशे लिरा देतो. मग एक माणूस ते गाठोडं घेऊन मागच्या फळ्यांवर चढायला लागतो. कॅमेरा त्याच्याबरोबर वर जातो आणि आपल्याला दिसतात गाठोडीच गाठोडी, थेट वरपर्यंत रचलेली. अख्ख्या शहराचं अंथरूण तिथं गहाण पडलंय.

हा व्हित्तोरिओ डी सिका या इटालियन दिग्दर्शकाचा १९४८ सालचा 'बायसिकल थीव्ह्ज'. मारियाच्या नवऱ्याला भिंतीवर पोस्टर चिकटवण्याची नोकरी, नोकरीसाठी सायकल हवीच, ती गहाणातून सोडवायला चादरी गहाण, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला. मग बाप आणि लहानगा ब्रूनो रोमभर तिला शोधत फिरतात. सिनेमा न पाहिलेल्यांनाही एवढी गोष्ट ठाऊक असते. पाहिलेल्यांना आठवतो तो शेवट, गर्दीत बापाचा हात धरणारा मुलगा.

मला मात्र आज त्या साडेसात हजार लिरांबद्दल बोलायचंय. डी सिकाची कीर्ती ज्या अश्रूंवर उभी राहिली आणि ज्या अश्रूंपायीच पुढे ओसरली, त्यांच्याखाली एक पक्का हिशोब मांडलेला आहे, आणि तो आपण पुरेसा वाचलेला नाही असं मला मनापासून वाटतं.

कीर्ती किती होती? 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकानं १९५२ साली समीक्षकांचा कौल घेतला, त्यात 'बायसिकल थीव्ह्ज' जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरला. चित्रपट येऊन चारच वर्षं झाली होती. दहा वर्षांनी दुसरा कौल झाला तेव्हा तो खाली घसरला, आणि १९७२ मध्ये पहिल्या दहातही उरला नाही. तोवर आन्तोनिओनी, फेलिनी असे नवे इटालियन दिग्दर्शक आले होते. नव्या पिढीला डी सिका भाबडा वाटू लागला, रडवणारा. दुसरा आक्षेप असा की पुढे तो विकला गेला, सोफिया लॉरेन या तारकेला घेऊन विनोदी सिनेमे काढत बसला. पाठ्यपुस्तकांत त्याचे चार सिनेमे राहिले आणि बाकीचा माणूस गळून गेला.

डी सिकाचा १९५२ सालचा 'उंबेर्तो डी.' मी पहिल्यांदा पाहिला तो विशीत, पुण्यात. म्हातारा आणि त्याचा कुत्रा, एवढंच बघून रडलो आणि बाहेर आलो. पुन्हा पाहिला तो पंचवीसेक वर्षांनी. तेव्हा घरी वडिलांच्या पेन्शनची कागदपत्रं मीच सांभाळत होतो. औषधांचे किती, घरभाड्याचे किती, महिन्याच्या वीस तारखेनंतर काय, हे रोज कागदावर मांडत होतो. यावेळी पडद्यावरचे आकडे मला ऐकू आले. उंबेर्तोची पेन्शन महिना अठरा हजार लिरा. घरमालकिणीनं भाडं केलंय दहा हजार. थकबाकी पंधरा हजार. तो घड्याळ विकतो, त्याचे तीन हजार येतात. पुस्तकं विकतो, त्याचे दोन हजार. मालकीण म्हणते, अर्धवट रक्कम घेणार नाही, सगळे आणा.

श्रोतेहो, तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला हा माणूस. त्याची शोकांतिका सांगायला दिग्दर्शकानं भाषण लिहिलेलं नाही. बेरीज लिहिली आहे आणि ती जुळत नाही, बस्स.

आणि मग तो प्रसंग येतो. रोममधल्या पँथिऑनच्या खांबांपाशी उंबेर्तो उभा आहे. आयुष्यात पहिल्यांदा भीक मागायची आहे. तो तळहात पुढे करतो, कुणी नाही बघून मागे घेतो, पुन्हा करतो. एक गृहस्थ थांबतो, खिशात हात घालतो. त्या क्षणी उंबेर्तो तळहात पालथा करतो, जणू पाऊस पडतोय का ते पाहत होता. गृहस्थ निघून जातो. हे काम करणारे कार्लो बात्तिस्ती नट नव्हते, भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. पण हात पालथा करायची ती नेमकी वेळ नटालाच सुचावी अशी आहे. डी सिका स्वतः नट होता हे आपण विसरतो. १९३२ सालापासून तो इटलीचा लाडका नायक, गाणी म्हणणारा, देखणा. लाज माणसाच्या शरीरात कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते, हे त्याला रंगमंचावरून कळलेलं होतं.

हा सिनेमा त्यानं आपल्या वडिलांना अर्पण केला. त्यांचंही नाव उंबेर्तोच. इटलीत तो चालला नाही. सरकारात करमणूक खातं सांभाळणारे जुलिओ आन्द्रेओत्ती, जे पुढे सात वेळा पंतप्रधान झाले, त्यांनी जाहीर पत्र लिहून डी सिकाला सुनावलं की जगाला आजची इटली म्हणजे उंबेर्तोची इटली वाटली, तर तुम्ही मायदेशाची वाईट सेवा केलीत असं होईल. नुसत्या भाबड्या सिनेमाला कुठलं सरकार एवढं घाबरेल? सिनेमा सुरूच होतो तो पेन्शन वाढवून मागणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मोर्चानं. परवानगी नाही म्हणून पोलीस त्यांना पांगवतात. आन्द्रेओत्तींना अश्रू खुपले नव्हते. अठरा हजार हा आकडा खुपला होता.

आपल्याकडे हा हिशोब कुणी ओळखला असेल तर बिमल रॉय यांनी. जानेवारी १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला, तिथं 'बायसिकल थीव्ह्ज' दाखवला गेला. पुढच्या वर्षी 'दो बिघा ज़मीन' आला. त्यातला शंभू समजतो की आपलं कर्ज पासष्ट रुपयांचं आहे, आणि जमीनदाराच्या वहीत ते निघतात दोनशे पस्तीस. तिथून तो कलकत्त्याला जातो आणि हातरिक्षा ओढतो. लोक म्हणतात बिमलदांनी डी सिकाकडून खरे रस्ते घेतले, बापलेकाची जोडी घेतली. घेतलीच. पण सगळ्यात मोलाचं घेतलं ते दोनशे पस्तीस.

आता दुसरा आक्षेप, विकला गेल्याचा. यात तथ्य आहे, ते मी लपवणार नाही. डी सिका जुगारी होता, भारी जुगारी. कॅसिनोत पैसे घालवायचा आणि ते भरून काढायला मिळेल ती भूमिका करायचा. दीडशेहून अधिक सिनेमांत तो पडद्यावर दिसतो. दोन संसार होते, दोन्हींचा खर्च होता. त्याच्या साठच्या दशकातल्या काही चित्रपटांना वाचवणारा युक्तिवाद मला तरी सापडलेला नाही. आणि त्याच्या सिनेमांना आलेस्सान्द्रो चिकोन्यिनी यांनी दिलेलं संगीत मला आजही जड जातं. चेहरा पुरेसा बोलत असतो तेव्हा व्हायोलिनं मध्ये पडतात. डी सिकावर भाबडेपणाचा शिक्का बसला त्यात या व्हायोलिनांचा वाटा मोठा आहे.

पण जरा पुढचं बघा. १९६३ सालचा 'येस्टरडे, टुडे अँड टुमारो'. यातल्या पहिल्या गोष्टीत सोफिया लॉरेन नेपल्सच्या गल्लीत चोरटी सिगारेट विकणारी आदेलिना आहे. दंड भरायला पैसे नाहीत, म्हणजे तुरुंग. पण गरोदर बाईला तुरुंगात टाकता येत नाही. मग एकामागून एक बाळंतपणं, नवरा खंगत चाललेला, आणि शेवटी गल्लीतली माणसं वर्गणी काढतात. प्रेक्षक हसून लोळतात. गोष्ट मात्र न भरलेल्या दंडाचीच आहे. ज्या माणसानं उंबेर्तोला एकटं दाखवलं, त्यानंच आदेलिनामागे गल्ली उभी केली.

आणि त्याच वर्षीचा 'इल बूम'. हा तेव्हा पडला आणि इटलीबाहेर कित्येक वर्षं कुणी पाहिलाच नाही. इटलीत तेव्हा भरभराटीचं वारं होतं, मोटारी, फ्लॅट, पार्ट्या. आल्बेर्तो सोर्दीनं केलेला नायक ऐपतीबाहेर जगून कर्जात बुडालाय. एका धनाढ्य बांधकाम व्यावसायिकाची बायको त्याला एक व्यवहार सुचवते. तिच्या नवऱ्याला एकच डोळा आहे. तुझा एक विकतोस का?

पंधरा वर्षांपूर्वी मारियानं चादरी गहाण ठेवल्या होत्या. आता तिथं डोळा आला. फळीवर चढवलेलं गाठोडं निदान सोडवता तरी येत होतं. मला विचाराल तर 'बायसिकल थीव्ह्ज'चा खरा दुसरा भाग हा आहे, आणि डी सिकाला 'विनोदाकडे वळलेला' म्हणून बाजूला सारताना आपण त्याचा सगळ्यात कडवट सिनेमा हरवून बसलो.

इथं पटकथाकार चेझारे झावात्तिनी यांचं नाव घ्यायलाच हवं. वर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक सिनेमाच्या लेखनात ते होते, 'इल बूम' तर त्यांचाच. आकड्यांवरची ही नजर मूळची झावात्तिनींची की डी सिकाची, हे वेगळं काढता येणार नाही. कागदावरचा आकडा पडद्यावर माणसाच्या बोटांत थरथरतो, ते मात्र डी सिकाचं.

त्याच्या आयुष्यातला आणखी एक हिशोब कमी लोकांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात रोम जर्मनांच्या ताब्यात असताना मुसोलिनीच्या उत्तरेकडल्या राजवटीसाठी सिनेमे काढायला जावं असा दबाव होता. डी सिकानं सबब सांगितली की मी कॅथलिक निर्मात्यांसाठी धार्मिक चित्रपट करतोय. संत पॉलच्या बॅसिलिकेत चित्रीकरण चाललं, आणि युनिटमधली माणसं म्हणून शेकडो लोकांना तिथं आसरा मिळाला, त्यात ज्यू कुटुंबं होती. चित्रीकरण लांबवत नेलं, जूनमध्ये दोस्तांचं सैन्य रोममध्ये शिरेपर्यंत. दिवस मोजत काढलेला सिनेमा होता तो.

एक देणं मात्र राहिलं. 'बायसिकल थीव्ह्ज'मधला बाप, लाम्बेर्तो माज्जोरानी, हा ब्रेदा कारखान्यातला कामगार. अमेरिकेतला निर्माता पैसे द्यायला तयार होता, पण त्याला त्या भूमिकेत कॅरी ग्रँट हवा होता. डी सिकानं नकार दिला आणि कामगारालाच घेतलं. सिनेमा जगभर गाजला, माज्जोरानी कारखान्यात परतला, आणि पुढे मंदीच्या कपातीत त्याची नोकरी गेली. लोकांना वाटायचं, हा तर सिनेमावाला, याला काय कमी! मग तो बारीकसारीक भूमिका मागत फिरला. काही मिळाल्या, 'उंबेर्तो डी.'मध्येही एक मिळाली. बेकाराची भूमिका करून बेकार झालेल्या या माणसाला बाजूला ठेवून डी सिकाच्या थोरवीबद्दल बोलणं मला बरोबर वाटत नाही.

आज रात्री सवड असली तर 'उंबेर्तो डी.'चा शेवट बघा. कुत्र्याला घेऊन जीव द्यायला गेलेला म्हातारा रुळांवरून परत फिरलाय. कुत्रा, फ्लाइक, त्याच्यावर रुसलाय, जवळ येत नाही. उंबेर्तो बागेतलं पाइनचं फळ उचलून त्याला खेळायला बोलावतो. हळूहळू फ्लाइक येतो, उड्या मारायला लागतो, दोघं झाडांमधून लांब लांब जातात, आणि मागून पोरांचा घोळका धावत येतो. खोली गेलेली आहे. पंधरा हजार लिरा अजून बाकी आहेत.

नमस्कार.