अ‍ॅडव्हान्स पाठवण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. घरात लग्न ठरलं की हॉल, केटरर, मांडव, कपाटं सगळीकडून एकच मागणी येते: आधी अ‍ॅडव्हान्स खात्यात टाका. इंदूरच्या सियागंजातला माल असो, तिथल्याच सांवेर रोडच्या कारखान्यातलं मॉड्युलर किचन असो, की पुण्याहून मागवलेल्या पैठण्या असोत. मागणी गैर नाही. मापाप्रमाणे काम करणाऱ्याला प्लायवूड आधी विकत घ्यावंच लागतं. पण खात्यात पाठवलेली रक्कम परत मिळवणं फार अवघड असतं, म्हणून सगळी काळजी पाठवण्याआधीच घ्यायला हवी.

पहिली गोष्ट पक्की लक्षात असू द्या. बँक रक्कम जमा करते ती खाते क्रमांक पाहून. नावाच्या रकान्यात तुम्ही दुकानाचं नाव अगदी बरोबर लिहिलंत आणि क्रमांक भलत्याचा असला, तर पैसे त्या भलत्याकडे जातात. हे टाळण्यासाठी रिझर्व्ह बँकेनं एनईएफटी आणि आरटीजीएस या खात्यातून खात्यात पैसे पाठवण्याच्या पद्धतींकरता खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत सुरू करायला बँकांना सांगितलं. तिला शुल्क नाही. नेट बँकिंगमध्ये किंवा मोबाइल अ‍ॅपमध्ये क्रमांक आणि आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, भरला की नाव दिसतं. शाखेत जाऊन पैसे पाठवत असाल तर काउंटरवर नाव दाखवायला सांगा.

आता ते नाव कशाशी ताडायचं? कोटेशनवरच्या जीएसटी क्रमांकाशी. तो 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: मध्य प्रदेश 23, महाराष्ट्र 27, गुजरात 24. पुढची 10 अक्षरं म्हणजे पॅन. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता हा क्रमांक शोधता येतो. तिथे मालकाचं कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे सगळं दिसतं. बँकेनं दाखवलेलं नाव यांतल्या एखाद्या नावाशी जुळायला हवं. दुकान एकाचं आणि बचत खातं भाच्याचं असेल तर पैसे पाठवू नका. त्यांनी सांगितलेलं कारण कितीही पटण्याजोगं वाटलं तरी. अगदी लहान कारागिराकडे जीएसटी नसतो. त्याच्याकडून रद्द केलेला चेक मागा. त्यावर बहुधा नाव, क्रमांक आणि आयएफएससी तिन्ही छापलेले असतात.

सर्वांत जास्त फसगत होते ती ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नावानं. सौदा खरा, दुकान खरं. मधेच व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर निरोप येतो, ‘आमचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय, या नव्या खात्यात टाका.’ असा निरोप आला की थांबा. त्या निरोपातल्या नंबरवर फोन करू नका. जुन्या बिलावरच्या नंबरवर करा, नाहीतर सरळ दुकानात जा. आधी 1 रुपया पाठवून बघण्याची पद्धत चांगली आहे, पण ‘मिळाला’ हे उत्तर त्याच अनोळखी नंबरवरून आलं तर त्याला काही अर्थ नाही.

2 लाख आणि त्यावरची रक्कम आरटीजीएसनं जाऊ शकते. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये जाते. दोन्ही आता दिवसरात्र चालतात. तरीही मोठी रक्कम दुकान आणि शाखा दोन्ही उघडी असताना पाठवा. रात्री अकराला ‘आत्ताच टाका, नाहीतर भाव वाढेल’ म्हणणाऱ्याला सकाळपर्यंत थांबवा. नवीन खातं जोडल्यावर बऱ्याच बँका काही तास मर्यादा ठेवतात, म्हणून ते आदल्या दिवशी जोडलेलं बरं.

किती द्यायचं? तयार माल असेल तर बयाण्यापुरतं. मापाचं काम असेल तर टप्पे पाडा: काही रक्कम ऑर्डरला, काही कारखान्यात तयार सांगाडा बघून, उरलेली घरी बसवल्यावर. तारखा, टप्पे आणि काम रद्द झालं तर किती परत, हे कोटेशनवरच लिहून सहीशिक्क्यासह घ्या. पाठवताना शेऱ्यात कोटेशनचा क्रमांक टाका, यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, जपून ठेवा. हॉल किंवा केटरिंगसारख्या सेवेत व्यापारी जीएसटी नोंदणीकृत असेल, तर अ‍ॅडव्हान्सची रीतसर पावती, म्हणजे रिसीट व्हाउचर, देणं त्याला बंधनकारक आहे.

पैसे चुकीच्या हाती गेले असं कळलं की त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा, मग बँकेला कळवा. यूटीआर, वेळ आणि समोरचा खाते क्रमांक हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तरच ती गोठवता येते. व्यापारी खरा, पण माल देत नाही, अशी तक्रार वेगळी. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. घरच्या वापरासाठी केलेल्या खरेदीत तिथेही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत जाता येतं. विक्रेता पुण्याचा असला तरी, 2019 च्या कायद्यानुसार, इंदूरला राहणाऱ्याला ही तक्रार इंदुरातच करता येते.