कुत्ता गोळी : कोठडी की ओपीडी?

(दृश्य : धुळे. महामार्गालगतच्या टपऱ्या, तिन्हीसांज.)

धुळे-मालेगाव पट्ट्यात नशेसाठी खातात त्या गोळीला कुत्ता गोळी म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हीच अल्प्राझोलम, चिंता-अस्वस्थतेवरचं औषध. ती शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत, येते. त्यामुळे पेशंट कोण, डॉक्टर कोण, गोळ्या किती, हे औषध दुकानदाराने वेगळ्या वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. दुकानातून नशेच्या बाजारात होणारी गळती शोधायची तर आधी ती वही उघडावी. पोलिसांना सापडतो मात्र खिशात गोळ्यांचं पाकीट असलेला पोरगा.

(दृश्य : कोठडीचं दार.)

रोज दहा-बारा गोळ्या खाणाऱ्याच्या गोळ्या इथे एकदम बंद होतात. आधी घाम, हातांना कंप, डोळ्याला डोळा नाही. मग दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, आणि ती जिवावरही बेतते. ‘नाटक करतोय’ म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. दवाखान्यात गोळी एकदम बंद करत नाहीत, उतरवतात. डॉक्टर बहुतेकदा याच जातीच्या, पण शरीरात जास्त वेळ टिकणाऱ्या डायझेपामवर आणतात, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी डोस थोडा थोडा कमी करतात. शेवटचा टप्पा सगळ्यात सावकाश. घाई तिथेच नडते.

कायद्यात याला वाट आहे. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४-अ सांगतं : नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं.

अडतं वजनावर. अल्प्राझोलमचं अल्प प्रमाण ५ ग्रॅम. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार वजन नुसत्या औषधाचं नाही, गोळीत मिसळलेल्या भुकटीसकट धरायचं. एका गोळीचं एकूण वजन शंभर मिलिग्रॅम असेल, तर पन्नास गोळ्या झाल्या की ५ ग्रॅम भरले आणि अल्प प्रमाण संपलं. प्रत्येक गोळीत औषध अर्धा मिलिग्रॅम असेल, तर त्या पन्नास गोळ्यांत मिळून औषध जेमतेम २५ मिलिग्रॅम! मोजमाप बदलायला हवं ते इथे.

(दृश्य : आठवडी बाजार, शिरपूर.)

उतरता डोस महिनोन्‌महिने चालतो. सगळ्या गोळ्या एकदम हातात दिल्या तर खाल्ल्या तरी जातात, नाहीतर विकल्या जातात. म्हणून आठवड्याचीच पुडी द्यावी, तीही आईच्या किंवा बायकोच्या हाती. सातपुड्याच्या पाड्यावरून माणूस बाजाराच्या दिवशी उतरतोच. ओपीडी त्याच दिवशी ठेवावी. चुकला, तर आशाताईंनी दुसऱ्या दिवशी घरी डोकवावं.

आणि डोकं भादरून साखळीने बांधणारं ‘केंद्र’ दिसलं, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दोन्हींना बंदी आहे. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन : १४४४६.