लाल बिनमधला हिशेब

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या बहुतेक कारखान्यांत सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांशेजारी एक लाल बिन ठेवलेली दिसते. मापात न बसलेले भाग तिच्यात जमा होतात आणि पुढे भंगार म्हणून वजनावर विकले जातात. हिशेबात ही विक्री बहुधा 'इतर उत्पन्न' म्हणून नोंदली जाते आणि खरी किंमत तिथेच नजरेआड होते. समजा, एका शाफ्टवर माल, वीज, मजुरी आणि यंत्राचा वेळ मिळून 180 रुपये खर्च झाले व भंगारात 30 रुपये आले, तर खात्यावर 30 रुपये जमा दिसतात. बुडालेले 150 रुपये मात्र उत्पादनखर्चात असे मिसळून जातात की त्यांचा जाब कुणालाच विचारता येत नाही.

जालन्याच्या पोलाद कारखान्यांत सदोष सळई पुन्हा भट्टीत जाते, त्यामुळे काही वाया गेले नाही असे वाटते. परंतु ती दुसऱ्यांदा वितळवायला लागलेली वीज कुणाच्या नावावर लिहायची?

गुणवत्ता-व्यवस्थापनाचे तज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी 1951 मध्ये अशा टाळता येण्याजोग्या खर्चाला खाणीतल्या सोन्याची उपमा दिली आणि त्याच क्षेत्रातील आर्मंड फायगेनबॉम यांनी 1956 मध्ये गुणवत्तेच्या खर्चाचे प्रतिबंध, तपासणी आणि अपयश असे भाग पाडले. कामगारांचे प्रशिक्षण प्रतिबंधात येते, तर गेजचे कॅलिब्रेशन, म्हणजे मापनसाधनांची अचूकता पडताळणे, तपासणीत. अपयश गेटच्या आत सापडले तर निभावते. ग्राहकाच्या लाइनवर सापडले, तर माल परत आणण्याचे भाडे, डेबिट नोट (ग्राहकाने बिलातून केलेली वजावट) आणि ग्राहकाच्या चाकणच्या कारखान्यात माणसे पाठवून करावे लागणारे सॉर्टिंग, म्हणजे चांगले आणि सदोष भाग वेगळे करणे, हे सारे अंगावर येते.

मोजायला सर्वांत अवघड आहे ते रिवर्क, म्हणजे सदोष भागांची दुरुस्ती. ऑपरेटर पाळीतले दोन तास जुनेच भाग दुरुस्त करत असतो, पण त्याचे आठही तास उत्पादनाचेच धरले जातात. म्हणून महागड्या सॉफ्टवेअरच्या आधी, दर पाळीला रिवर्कचे नग आणि तास लिहिण्याचा साधा तक्ता यंत्रापाशी असावा, असे आम्हांला वाटते. त्या नोंदीवरून कुणाचाही पगार कापला जाऊ नये, कारण तसे झाले तर सदोष भाग बिनमध्ये पडण्याऐवजी लपवले जातील. सुरुवातीच्या महिन्यांत खर्चाचा आकडा वाढलेला दिसला, तरी मालकांनी घाबरून नोंदी थांबवू नयेत. तो खर्च आधीही होतच होता, फक्त लिहिला जात नव्हता.