शाळेत एक जादा पंप हवाच, आणि तो कुलपात नको

नमस्कार. माझ्या हातात आहे तो साल्ब्युटामॉलचा इन्हेलर, ज्याला आपण सरळ पंप म्हणतो. दम्याचा झटका येतो तेव्हा श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. हे औषध ते सैल करतं आणि काही मिनिटांत श्वास मोकळा व्हायला लागतो. असा एक जादा पंप प्रत्येक शाळेत असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही म्हणाल, मुलाकडे त्याचा स्वतःचा असतो की! असतो. पण तो घरी राहतो, कधी संपलेला असतो, आणि नेमका त्याच दिवशी त्रास होतो. मग पालकांना फोन करा, पंप मागवा... तेवढ्यात जीव जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंचा राष्ट्रीय आढावा घेतला गेला, त्याचा अहवाल २०१४ साली आला. दगावलेल्यांपैकी ४५ टक्के लोक मदत मागण्याआधीच, किंवा मागितली तरी ती मिळण्याआधीच गेले होते.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून तिथल्या शाळांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे पंप विकत घेऊन ठेवायची परवानगी मिळाली. सक्ती नाही, परवानगी. आणि वापरायचा तो ज्या मुलाला दमा असल्याचं निदान झालंय किंवा ज्याला पंप लिहून दिलाय त्याच्यासाठीच, पालकांची लेखी संमती घेऊन. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांतही शाळांसाठी असे कायदे आहेत.

पण नुसता पंप आणून ठेवला की झालं, असं नाही. हा बघा स्पेसर, पंपाच्या तोंडाला जोडायची पोकळ नळी. घाबरलेल्या, धापा टाकणाऱ्या मुलाला पंप दाबणं आणि श्वास आत ओढणं एकाच वेळी जमत नाही. औषध घशावरच आपटतं, फुप्फुसापर्यंत फारसं पोचतच नाही. स्पेसरमध्ये फवारा साठतो आणि मूल तो त्याच्या त्याच्या गतीने आत घेतं. म्हणून पंपाबरोबर स्पेसर हवाच, आणि प्रत्येक मुलासाठी वेगळा.

झटका आला की मुलाला ताठ बसवा, आडवं करू नका. पंप हलवा, स्पेसरमध्ये एक पफ सोडा, त्याला श्वास घेऊ द्या. मग अर्ध्या ते एका मिनिटाने पुढचा पफ, असे जास्तीत जास्त १०. तरी उतार नाही, किंवा मध्येच त्रास वाढला, तर लगेच रुग्णवाहिका. मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर १० पफ संपायची वाट बघू नका. आणि एक गोष्ट नीट ऐका: मूल दमलेलंच आहे, पण छातीतली घरघर अचानक थांबली, तर ते बरं वाटल्याचं लक्षण नाही. हवा आत-बाहेर जवळजवळ होतच नाहीये, असा त्याचा अर्थ असू शकतो.

शिक्षकांना भीती असते, चुकून दिला तर? धडधडेल, हात थोडे थरथरतील, आणि ते ओसरेल. गंभीर इजा होण्याची शक्यता फार कमी. न देण्याचा धोका कितीतरी मोठा आहे.

आता स्टेशनं, मैदानं, पोहण्याचे तलाव अशा सार्वजनिक ठिकाणी जादा पंप ठेवण्याबद्दल. इथे कोणाला दमा आहे हे आधी माहीत नसतं, संमतीपत्र नसतं, आणि उन्हात तापणाऱ्या पेटीत पंप ठेवता येत नाही. तरीही मला ते शक्य वाटतं. दमा असलेल्या मोठ्या माणसाला पंप कसा घ्यायचा हे बहुधा ठाऊक असतं, त्याच्याजवळ त्या क्षणी तो नसतो इतकंच. त्यामुळे सुरुवात करायची तर जिथे प्रथमोपचार शिकलेला कर्मचारी कायम असतो, तिथे डिफिब्रिलेटरशेजारीच (हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारं यंत्र) पंप ठेवावा. मुदतीची तारीख मात्र कोणीतरी नेमाने बघायला हवी.

शाळेच्या पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना विचारा: जादा पंप आहे का, स्पेसर आहे का, तो ठेवलेल्या कपाटाला कुलूप आहे का, आणि असेल तर मधल्या सुट्टीत चावी कोणाकडे असते?