वर टाकलेली पाचवी चिमणी

नमस्कार मंडळी. नाशिककर, नाशिकरोडकर, आणि निफाड, सिन्नर, दिंडोरीकडून ऐकताय ते सगळेच. आजचा विषय आहे मोलाचा माणूस. यशस्वी माणूस नाही हं, मोलाचा माणूस. यशस्वी माणसं आपल्याकडे चौकाचौकात फ्लेक्सवर असतातच, वाढदिवस त्यांचा, गॉगल त्यांचा, आणि खाली पन्नास शुभेच्छुक पासपोर्ट फोटोएवढे. त्या फ्लेक्समुळे वळणावर समोरून येणारी गाडी दिसत नाही, हे मी मागेही बोललोय, पुन्हा बोलीन, पण आज तो विषय नाही.

तर ख्रिस्ती विचारात एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकलीये. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला, बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात. म्हणजे मोल आधी, कर्तृत्व नंतर. आपण उलटं करतो, मुलगा काय करतो, पॅकेज किती, फ्लॅट स्वतःचा का भाड्याचा, आणि मग ठरवतो याला खुर्ची द्यायची का पाटावर बसवायचं.

येशूने हे बाजारभावातच सांगितलंय बघा. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका दमडीला. लूकमध्ये पाच चिमण्या दोन दमड्यांना. हिशोब करा, दोन दमड्यांच्या चारच झाल्या ना? पाचवी वर टाकलेली, भाजीवाली कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकते तशी. आणि येशू म्हणतो त्यातली एकसुद्धा देवाला विसरायला झालेली नाही. एकसुद्धा, म्हणजे ती फुकटातली पण. हे लक्षात ठेवा, फुकटातली पण.

आता मला जी गोष्ट सांगायचीये ना ती आपल्या शरणपूरची आहे. शरणपूर रोडवरून तुम्ही रोज जाता, कॅनडा कॉर्नर, महापालिकेचं राजीव गांधी भवन, पार्किंगची बोंब. पण शरणपूर ही आधी एक वस्ती होती. १८५४ च्या सुमाराला विल्यम प्राइस नावाच्या मिशनरींनी ती वसवली. आणि तिथे कोण राहायचं, तर आपल्या लोकांबरोबर आफ्रिकेतली मुलं! खोटं वाटेल, पण हिंदी महासागरात गुलाम भरून नेणारी गलबतं इंग्रजांची जहाजं अडवायची, त्यातली सोडवलेली मुलं मुंबईला उतरायची आणि त्यातली बरीच नाशिकला यायची. इथे शाळा, सुतारकाम, लोहारकाम, प्रार्थना. ज्यांच्या अंगावर काल बाजारात भाव लागला असता ती पोरं गोदावरीच्या गावात पाटीवर अक्षरं गिरवत होती.

त्यातला एक जेकब वेनराइट. मूळचा याओ जमातीचा, लहानपणीच पकडून विकायला नेलेला, नाव सुद्धा नंतर मिळालेलं.

डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन माहिती असतील, आफ्रिकेत फिरणारे, गुलामगिरीविरुद्ध लिहिणारे. ते १८६६ ला शेवटच्या मोहिमेवर निघाले तेव्हा नाशिकच्या शाळेतली नऊ पोरं बरोबर होती. आणि गंमत म्हणजे डॉक्टरसाहेबांनी डायरीत त्यांच्याबद्दल तक्रारीच लिहून ठेवल्यात, आळशी आहेत, कामाची नाहीत वगैरे. आपला जेकब त्या बॅचमधला नव्हे, तो १८७२ ला मागाहून मदतीला पाठवलेल्या तुकडीतून गेला, त्यातही नाशिकचीच पोरं.

१८७३ च्या मे महिन्यात, आज झांबिया आहे तिथे, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावात डॉक्टर वारले. सकाळी पाहिलं तर बिछान्याशेजारी गुडघे टेकलेले, डोकं उशीवर. आता या माणसांचा मालक गेला, पगार देणारा गेला, चहूकडे परका मुलूख, सामान वाटून घेऊन पळाले असते तर विचारायला कोण येणार होतं? त्यांनी काय केलं, तर आधी डॉक्टरांच्या सामानाची यादी. ती लिहिली जेकबने, कारण लिहिता येत होतं. मग हृदय काढून झाडाखाली पुरलं, दफनविधीची प्रार्थना वाचली जेकबने, झाडाच्या खोडावर डॉक्टरांचं नाव आणि तारीख कोरली तीही जेकबनेच. शरीर मीठ घालून पंधरवडाभर उन्हात सुकवलं, कापडात गुंडाळलं, वरून झाडाची साल, त्यावर शिडाचं कापड, आणि निघाले समुद्राकडे. हजार मैलांच्या वर, चालत.

वाटेत कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला, तो म्हणाला इथेच पुरा, कशाला हाल करताय. हे म्हणाले नाही. साहेबाला नाही म्हणाले, त्या काळात! पुढे एका भागातले लोक गावातून मढं नेऊ देईनात, अपशकुन म्हणून. मग यांनी काय डोकं लढवलं ऐका. ताटांची मोळी बांधली, ज्वारीसारख्या धान्याची ताटं, ती मढ्यासारखी कापडात गुंडाळली आणि सगळ्यांदेखत सहा माणसांबरोबर मागे पाठवली, की बाबा आम्ही नेतोय परत पुरायला. ती माणसं रानात गेली, ताटं फेकली आणि गुपचूप परतली. आणि खरं शरीर? त्याचा कापडाचा गठ्ठा केला, व्यापाऱ्याच्या मालासारखा, आणि त्याच गावातून खांद्यावरून नेला. मला ही गोष्ट सांगताना दरवेळी हसू येतं आणि गळाही दाटतो.

१८७४ च्या फेब्रुवारीत बागामोयोच्या किनाऱ्याला पोचले. नऊ महिने. तिथून पुढे जहाजाने इंग्लंडपर्यंत गेला तो जेकब, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनना पुरलं तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत शरणपूरच्या शाळेतला मुलगा होता. सुसी आणि चुमा, ज्यांनी खरं तर सगळ्या तांड्याचं नेतृत्व केलं, ते इंग्लंडला पोचले दफन झाल्यावर. त्यांच्या तिकिटाचं आधी कुणाला सुचलंच नाही. मोठ्या लोकांच्या कार्यक्रमात हे असंच असतं, मांडव घालणाऱ्याला पंगतीचं आमंत्रण जात नाही.

ॲबीतल्या त्या दगडावर पहिल्याच ओळीत म्हटलंय, विश्वासू हातांनी जमीन आणि समुद्र ओलांडून आणलेला. हात आहेत, नावं नाहीत. आणि आपल्याकडे चर्चमध्ये पंखा दिला तर पात्यावर अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ, पंखा फिरायला लागला की वाचता येत नाही म्हणून आता दांड्याच्या वाटीवर लिहितात. द्या हो पंखे, जरूर द्या, उन्हाळ्यात लागतातच, पण रंगाऱ्याचा खर्च वाचवा.

विषयावर येतो, वेळ कमी आहे. मला एवढंच म्हणायचंय की जेकबचं मोल ॲबीत गेल्यावर वाढलं नाही. ते त्याला पकडलं तेव्हाही तेवढंच होतं, आणि तुमचंआमचंही तसंच. पण त्याला कुणीतरी माणूस म्हणून वागवलं, अक्षर शिकवलं, आणि मग ज्या दिवशी कुणी बघत नव्हतं त्या दिवशी तो मोलाच्या माणसासारखा वागला. मोल मिळालेलं असतं, वागायचं आपल्याला असतं. परत सांगतो, मिळालेलं असतं, वागायचं आपल्याला.

बायबलमध्ये येशूचा प्रेषित पौल याने हेच आपल्या फिलेमोन नावाच्या मित्राला पत्रात लिहिलंय. अनेसिम नावाचा गुलाम, मालकापासून म्हणजे या फिलेमोनापासूनच दुरावलेला, त्याला परत पाठवताना पौल लिहितो की हा पूर्वी तुला निरुपयोगी होता, आता तुला न् मला दोघांना उपयोगी आहे, याला दास म्हणून नाही तर प्रिय भाऊ म्हणून घे. आणि याचं काही देणं असेल तर माझ्या खात्यावर मांड. स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, मी फेडीन. अख्खा नवा करार वाचायचा नसेल तरी एवढं पत्र वाचाच, एकच अध्याय, २५ वचनं, कुकरच्या तीन शिट्ट्यांत होतं.

आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनला पूर्ण नावाने ओळखता का तेही बघा. शरणपुरातल्या जुन्या घरांमधून त्या आफ्रिकन मुलांची काही आठवण, फोटो, आजीने सांगितलेलं काही असेल तर आकाशवाणीच्या पत्त्यावर जरूर कळवा, पोस्टकार्ड चालेल. नमस्कार.