न खेळलेल्या खेळाला मत

(पुण्यात गेम डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मगाशी चहाच्या वेळी एका मुलीनं विचारलं, ‘सर, ऑनलाइन दुकानात कुठले नवे गेम ठेवायचे हे गिऱ्हाइकांनाच ठरवू दिलं तर बिघडलं कुठे? पैसे तेच देणार ना?’ मी म्हटलं, उत्तर आत्ताच दिलं तर तू चहा संपवून घरी जाशील, आत चल. ती आता समोरच बसली आहे, त्यामुळे सुटका नाही.

तर, हे करून झालेलं आहे. जवळजवळ पाच वर्षं. स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान तुम्हा सगळ्यांच्या लॅपटॉपवर असणारच. व्हॉल्व्ह कंपनीनं ते २००३ मध्ये सुरू केलं आणि दोन वर्षांनी तिथे बाहेरच्यांचेही गेम विकायला लागले. कुठला गेम घ्यायचा हे कंपनीतली मोजकी माणसं ठरवायची. नकार आला तर का आला, ते कळायचं नाही. मग ३० ऑगस्ट २०१२ ला ग्रीनलाइट आलं, म्हणजे लोकांच्या मतांवर गेम निवडायची सोय. गेमची चित्रं टाकायची, एखादा व्हिडिओ, चार ओळी माहिती. आणि लोकांना प्रश्न एकच, की हा गेम स्टीमवर आला तर तुम्ही विकत घ्याल का? भरपूर लोक ‘हो’ म्हणाले की दार उघडणार. भरपूर म्हणजे किती, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

सुरुवातीच्या काही दिवसांतच थट्टेचे आणि बनावट गेम इतके आले की १०० डॉलर फी लावावी लागली. ते पैसे कंपनीनं स्वतःकडे ठेवले नाहीत, चाइल्ड्स प्ले या धर्मादाय संस्थेला दिले, हे सांगायला हवं. पण १०० डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण साडेपाच हजार रुपये. तिकडे ती चाळणी असेल. आमच्यासाठी ते कर्वेनगरातल्या खोलीचं महिन्याचं भाडं होतं.

हो, आम्हीही त्या रांगेत होतो. मी आणि माझा एक मित्र. गेम होता रेल्वेच्या यार्डाचा. डबे योग्य क्रमानं लावायचे, इंजिन एकच, रूळ कमी. खेळायला घेतला की उठवत नसे, असं आमचं मत. पण चित्रात काय दिसणार? करड्या रुळांवर तपकिरी डबे. शेजारच्या गेममध्ये ड्रॅगन आग ओकतोय. बघणारा माणूस वीस-पंचवीस सेकंद थांबणार आणि ‘नको’ म्हणून पुढे जाणार. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याला जे दाखवलं त्यावरच तो बोलला. आमचा गेम त्यानं नाकारला नाही, त्यानं आमचं पोस्टर नाकारलं. या दोहोंतला फरक समजायला मला बरीच वर्षं लागली.

मग एक मेल आली. मतं मिळवून देतो म्हणून. गेमच्या काही हजार ‘की’, म्हणजे गेम उघडायचे कोड, द्या, आम्ही त्या स्वस्तातल्या बंडलमध्ये, अनेक गेमच्या एकत्र गठ्ठ्यात, घालतो; घेणाऱ्यांना गेम स्टीमवर हवा असतोच, ते आपणहून मत देतील. किंवा मत द्या, एखादा गेम फुकट न्या. ही काही गुपचूप चाललेली गोष्ट नव्हती, तेव्हा सर्रास चालायचं. आम्ही नाही म्हटलं. तत्त्व वगैरे नाही हो, तेवढ्या ‘की’ बनवून द्यायची व्यवस्थाच नव्हती आमच्याकडे.

आता पहिल्या खेपेला लोकांनी काय निवडलं ते बघू. सप्टेंबर २०१२ मध्ये दहा नावं जाहीर झाली. त्यांतला ‘टाउन्स’ त्याच वर्षी स्टीमवर विक्रीला आला आणि २०१४ मध्ये अर्धवट अवस्थेतच सोडून दिला गेला. ‘केन्शी’ पूर्ण व्हायला २०१८ चा डिसेंबर उजाडला. ‘रूटीन’ तर दहा वर्षं उलटली तरी आला नव्हता. लोकांनी दगड निवडले असं मला म्हणायचं नाही. केन्शी उत्तमच आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’ही ग्रीनलाइटमधूनच वर आला, एका माणसानं एकट्यानं केलेला गेम, आणि ग्रीनलाइटमधून आलेल्या शंभराहून जास्त गेमनी प्रत्येकी दहा लाख डॉलरच्या वर कमाई केली, असं खुद्द व्हॉल्व्हनं २०१७ मध्ये सांगितलं. पण स्टारड्यू लोकांच्या हातात पडला २०१६ मध्ये. म्हणजे मत देणाऱ्यांपुढे तेव्हा तो पुरा झालेला गेमच नव्हता. त्यांनी भरवशाला मत दिलं. या वेळी भरवसा खरा ठरला, इतकंच.

कुणी म्हणेल, मत फुकट आहे म्हणून ही गत. पैसे मोजायला लावा, मग बघा. आपल्याकडे प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तकाची नोंदणी घेतातच की. वाचक आधी पैसे भरतो, पुस्तक नंतर येतं. पण तिथे लेखक ओळखीचा असतो, आधीची चार पुस्तकं वाचलेली असतात. नवख्या माणसाला हे लागू पडतं का? याचं उदाहरण आपल्याच गावात आहे. ‘राजी’ हा गेम नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या स्टुडिओनं केला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर लोकांकडे पैसे मागितले. ठरवलेली रक्कम जमली नाही. लोकांचा कौल गेला नकारार्थी! पुढे त्यांना एपिक या गेम कंपनीचं अनुदान मिळालं, २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. तो पैशांचा कौल अंतिम मानला असता तर?

मग परीक्षक नेमायचे का? पुण्यात परीक्षकांबद्दल बोलणं धोक्याचं आहे. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात पोरं घसा फुटेस्तोवर ओरडतात, पण निकाल परीक्षकांचा. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडक कोणालाच द्यायचा नाही असं ठरवलं. केवढा गदारोळ झाला! आमच्या ग्रुपवर दोन जण एकमेकांशी अजून बोलत नाहीत. पण बघा, त्या परीक्षकांनी एकांकिका पूर्ण पाहिल्या होत्या, आणि भांडायला समोर नावं-चेहरे असलेली माणसं होती. ग्रीनलाइटमध्ये भांडणार कुणाशी? आकड्याशी? दुकानाला ते सोयीचंच असतं. निवड चुकली की ‘तुम्हीच तर मत दिलंत’ म्हणून हात झटकता येतात.

एक ठिकाण आहे जिथे मला मत घेणं शंभर टक्के पटतं. जीओजी नावाच्या पोलिश दुकानात जुने गेम मिळतात, आणि कुठला जुना गेम परत आणावा यासाठी तिथे लोक वर्षानुवर्षं मतं नोंदवतायत. ही आपल्या वाचनालयातली मागणीची वही झाली. माणसानं तो गेम शाळेत असताना खेळलेला असतो, सीडी हरवलेली असते, त्याला तो पुन्हा हवा असतो. तो काय मागतोय हे त्याला पक्कं माहीत असतं. नव्या गेमबद्दल हे कुणालाच माहीत नसतं, कधीकधी बनवणाऱ्यालासुद्धा!

जून २०१७ मध्ये ग्रीनलाइट बंद झालं आणि स्टीम डायरेक्ट आलं, म्हणजे मतं नाहीत, फी भरून थेट आत. फी ५,००० डॉलरपर्यंत ठेवावी का, यावर आधी चर्चा झाली होती. तसं झालं असतं तर तीन लाखांच्या वर रुपये, आणि या खोलीतल्या निम्म्या लोकांनी वेब डिझाइन शिकायला घेतलं असतं. शेवटी १०० डॉलरवरच राहिलं, दर गेमला. विक्री १,००० डॉलरच्या पुढे गेली की परतही मिळतात. आता २०२४ सारख्या एका वर्षात अठरा हजारांहून जास्त गेम येतात. दार सताड उघडं आहे, पण आत एवढी गर्दी की आपला गेम दिसायची पंचाईत. म्हणजे भांडण दाराशी नाहीच, ते शो-केसशी आहे. आणि तिथे गिऱ्हाईक रोज मत देतंय. दोन तास खेळून व्हायच्या आत रिफंड मागतं, ते मत. रिव्ह्यू लिहितं, ते मत. डेमो अर्ध्यात सोडतं, तेही मतच.

म्हणून माझं उत्तर असं: आत येऊ देण्यासाठी मत नको. पुढच्या रांगेत कोणाला बसवायचं, यासाठी खेळलेल्यांचं मत हवं. आणि शिफारस करणारी दोन-चार माणसं दुकानानं नावानिशी नेमावीत, म्हणजे त्यांच्याशी भांडता तरी येईल.

आमचा यार्डाचा गेम? तो पुढे आला, थोडा विकला गेला. डेमो ठेवला होता. दौंडच्या यार्डात नोकरी करून निवृत्त झालेल्या एका काकांनी तो नातवाच्या लॅपटॉपवर खेळला आणि लिहिलं, ‘तिसऱ्या पातळीत सांधा उलटा बसवलाय, गाडी घसरेल.’ आम्ही तपासलं. खरंच उलटा होता. त्याच रात्री बदलला.