मैत्रिणीबरोबर स्पा डे: मसाज चालू असताना गप्प का राहता?

नमस्कार मंडळी! गेल्या महिन्यात मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण पुण्याच्या कोरेगाव पार्कातल्या एका स्पामध्ये अख्खा दिवस घालवून आलो. त्याची छोटी रील टाकली, तेव्हापासून तुमचे प्रश्न थांबतच नाहीयेत. काय घालून जायचं, दोघींना एकत्र बसता येतं का, लाज वाटत नाही का... म्हटलं, आज सविस्तर बोलूनच टाकू.

सोपं सोपं आधी उरकते. दोन-तीन दिवस आधी फोन करा. ‘दोघींसाठी एकच खोली’ असं स्पष्ट सांगा. तिला कपल रूम म्हणतात, पण दोन मैत्रिणींनाही देतात. मसाज करणारी थेरपिस्ट बाईच हवी, हेही तेव्हाच सांगा. मंगळसूत्र, चेन, कानातलं घरी ठेवा. जेवण आणि मसाज यांत दोन तास जाऊ द्या, मिसळ खाऊन पालथं पडायचं नाही. बीपी असेल, हृदयाचा त्रास असेल, दिवस गेले असतील किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि तिथल्या फॉर्मवरही लिहा. स्टीम दहा-पंधरा मिनिटं बास, आणि गरगरलं की लगेच बाहेर. वॅक्सिंग त्याच दिवशी नको, दोन दिवस आधी उरका. स्क्रब मसाजच्या आधी, फेशियल सगळ्यात शेवटी. कारण पालथं झोपल्यावर टेबलाला तोंड ठेवायला जे भोक असतं, त्याचा वळ गालांवर उठतो, मग आधी केलेल्या फेशियलचं काय राहणार? झालं.

आता ज्याच्यासाठी आज बसलेय ते. मसाज चालू असताना बोला. दाब जास्त होतोय, कमी होतोय, तेल गार लागतंय, जे असेल ते तिथल्या तिथे सांगा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघी पहिल्यांदा गेलो होतो, वेगळ्या ठिकाणी. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून माझी मान आखडलेली, म्हणून कार्डावर ‘डीप टिश्यू’, म्हणजे स्नायूंत खोलवर दाबून करायचा मसाज, वाचून तेच घेतलं. पाचव्या मिनिटाला उजव्या खांद्याच्या पात्याखाली कोपर असं रुतलं की डोळ्यांत पाणी आलं. मी टॉवेलचं टोक मुठीत आवळून पडून राहिले. वाटलं, थेरपिस्ट शिकलेली आहे, तिला कळत असेल. शेजारी मैत्रीण शांत पडलेली, म्हणजे मलाच सोसत नसेल. असा पूर्ण एक तास गेला. दुसऱ्या दिवशी केसांना क्लिप लावायला हात वर जाईना. आणि हे मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणते, “अगं, मलाही असह्य होत होतं. पण तू काहीच बोलेनास, म्हणून मी गप्प!”

दोघी एकमेकींकडे बघून गप्प राहिलो. पैसेही गेले आणि सुट्टीचा दिवसही गेला.

आता तुमच्यातल्या एका ताईंची कमेंट. त्या लिहितात, “दुखलं नाही तर मसाज लागला असं कसं म्हणायचं?” ताई, हे खूप जणींना वाटतं, म्हणून नीट सांगते. दुखलं की शरीर आपोआप आक्रसतं. श्वास अडकतो, स्नायू घट्ट होतो. म्हणजे जो स्नायू सैल करायला आपण पैसे मोजले, तोच आपण आवळून धरतो. एक दुखणं हवंहवंसं असतं. दाबल्यावर तोंडून ‘हां, इथेच’ निघतं आणि श्वास चालू राहतो. ते चालेल. श्वास रोखला गेला की समजा, दाब जास्त झाला. आणि मुंग्या आल्या किंवा विजेसारखी कळ गेली तर थांबवायलाच सांगा, ते नसेवर येतंय.

या वेळी मी थेरपिस्टलाच विचारलं. नागालँडहून पुण्यात आलेली मुलगी, हात इतका छान. ती हिंदीत म्हणाली, “दीदी, तुमचा चेहरा खाली असतो, मला फक्त पाठ दिसते. तुम्ही गप्प राहिलात तर मी समजते सगळं ठीक आहे.” बघा! आपण समजतो तिला कळत असेल, ती समजते आपल्याला आवडतंय. ‘थोडा हल्का’ हे दोन शब्द पुरतात. मी तर सुरुवातीलाच सांगते, दाब दहापैकी सहा. मैत्रिणीला चारच्या वर सोसत नाही. एकाच खोलीत असलो तरी दाब ज्याचा त्याचा.

आणि बोलायचा संकोच वाटतो ना, त्यावर आमचा एक ठराव आहे. टेबलवर झोपल्यावर पहिल्या पाच मिनिटांत दोघींनीही काहीतरी एक सांगायचंच. एसी कमी करा, उशी सरकवा, गाण्याचा आवाज बारीक करा, काहीही. एकदा तोंड उघडलं की पुढे दाबाचंही सांगता येतं. खरंच करून बघा.

अजून एक, हे मला मनापासून खटकतं. फेशियल करून बाहेर पडायचं आणि लगेच तोंडाला स्कार्फ गच्च बांधून गाडीवर बसायचं! नुकती घासलेली त्वचा, त्यावर घट्ट कापड, घाम, कर्वे रोडची धूळ. त्या दिवशी गाडी घरी ठेवा. कोथरूडकरांनी वनाझला मेट्रोत बसावं, बंडगार्डनला उतरावं, पुढे कोरेगाव पार्कापर्यंत रिक्षा.

बिलही वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून, स्पा अशा सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. आणि मसाज झाल्यावर लगेच काउंटरवर मेंबरशिप घेऊ नका. डोळे जड असतात, सगळं छान वाटत असतं. मी अशीच एकदा दहा सेशन्सची घेतली, तीन झाली आणि मुदत संपली. मुदतीबद्दल कोणी अक्षर बोललं नव्हतं. घरी या, झोपा, उद्या ठरवा.

शेवटची कमेंट. “मैत्रिणीऐवजी आईला नेलं तर?” न्याच! नरक चतुर्दशीला आमची आई चारला उठते, तिळाचं तेल कोमट करते, एकेकाला पाटावर बसवून चोळते, उटणं लावते. सगळ्यांचं झाल्यावर स्वतःच्या डोक्यावर चमचाभर तेल थापते आणि फराळाच्या ताटांकडे पळते. जानेवारीत तिला घेऊन गेले. रिक्षात शेवटपर्यंत म्हणत होती, “अगं, त्या मुलीला कशाला त्रास?” ठराव तिलाही समजावला होता, पण मला वाटलं, ही कसली बोलतेय.

पाचेक मिनिटांनी शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “बाळा, डाव्या गुडघ्याला जरा हळू गं. हां. आता कर.”